अश्व उत्तरेला, पालखी दक्षिणेला

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे जे दोन अश्व चालतात, ते आळंदीचे नसतात. ते येतात अंकलीहून. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातले हे गाव आज कर्नाटकात आहे. तिथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात दोन घोडे निघतात. घोडे गाडीत घालून आळंदीला नेणे आज सहज शक्य आहे, चार-सहा तासांचे काम आहे. तरीही ते पायीच जातात. मिरज, सांगली, सांगलवाडी, पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, भुईंज, शिरवळ अशी तीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट दहा-अकरा दिवसांत चालून ते प्रस्थानाच्या तोंडावर आळंदीत पोचतात. मग पालखीबरोबर उलटे दक्षिणेला वळतात, आणि आठवडाभराने नीरा नदीवरून पुन्हा सातारा जिल्ह्यात येतात.

म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला सांगली आणि सातारा या जिल्ह्यांच्या रस्त्यांवर दोन तांडे चालतात. पहिला अगदी लहान, दोन घोडे आणि त्यांच्यासोबतची मोजकी मंडळी, उत्तरेकडे जाणारा. दुसरा लाखो माणसांचा, फलटणच्या वाटेने आग्नेयेकडे सरकणारा. पहिल्याची बातमी स्थानिक पानावर चार ओळींत संपते, दुसऱ्याची छायाचित्रे देशभर जातात. दोन्ही तांड्यांचा स्वभाव मात्र एकच. अंतर कापणे हे त्यांचे काम नाही. वाटेवर राहणे हे त्यांचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी सगळी व्यवस्था गेल्या दोनशे वर्षांत याच मुलखातल्या माणसांनी घडवली आहे.

ती घडवणारा मूळ माणूस सातारचा. हैबतराव पवार आरफळकर हे साताऱ्याजवळच्या आरफळचे. सांगलीकडच्या शेतकऱ्याला आरफळ म्हटले की आधी कालवा आठवतो, कारण या गावाचे नाव लागलेला कालवा पुढे सांगली जिल्ह्यातल्या शेतांपर्यंत जातो. वारकऱ्याला मात्र हैबतबाबा आठवतात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. चाकरी संपवून गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडवून कोंडून ठेवले, तिथे त्यांनी एकवीस दिवस हरिपाठाचा घोष धरला आणि सुटका झाल्यावर घरी न जाता थेट आळंदी गाठली, अशी कथा सांगतात. पुढचे सारे आयुष्य त्यांनी आळंदीतच घालवले. समाधिमंदिराच्या महाद्वारातली पायरी त्यांच्याच नावाची आहे.

त्यांच्या आधीही वारी होतीच. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५च्या सुमारास देहूहून पालखी काढायला सुरुवात केली, आणि तीत ज्ञानदेवांच्या पादुकाही असत. पुढे वाद झाले आणि दोन सोहळे वेगळे झाले. १८३२च्या आसपास हैबतबाबांनी माउलींची स्वतंत्र पालखी सुरू केली. त्याआधी ते पादुका गळ्यात बांधून पंढरीला जात असे म्हणतात. पालखी काढायची तर डोलारा हवा. सुरुवातीच्या काळात हत्ती, घोडे असा लवाजमा औंधच्या पंतप्रतिनिधींकडून येत असे, असे सोहळ्याच्या परंपरेत सांगितले जाते. औंधही सातारा जिल्ह्यातलेच. नंतर घोडे आणि तंबू यांचा मान अंकलीच्या शितोळ्यांकडे आला, तो आजतागायत आहे.

हैबतबाबा लष्करातले होते, हे सोहळ्याकडे पाहताना पदोपदी जाणवते. पालखीचा रथ मधोमध. त्याच्या पुढे सत्तावीस दिंड्या, मागे दोनशेहून अधिक. प्रत्येक दिंडीला क्रमांक, आणि त्या क्रमांकाची जागा ठरलेली. दिंडीच्या ट्रकवर जो फलक असतो त्यावर गावाच्या नावाबरोबर ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हे लिहिलेले असते, तोच तिचा पत्ता. पहाटे तळ हलवताना तीन वेळा कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या आपापल्या जागी उभ्या, तिसऱ्याला पालखी हलते. फौज जशी मजल-दरमजल चालते तशीच ही चाल आहे. फरक इतकाच की फौज सर्वांत वेगवान तुकडीच्या भरवशावर जिंकते, आणि ही चाल सत्तरीतल्या म्हातारीच्या पावलाने मोजली आहे.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. धडधाकट माणूस ते आठ-नऊ दिवसांत चालेल. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात शिरते, म्हणजे अठरा-एकोणीस दिवस घेते. हे जास्तीचे दिवस मुक्काम आणि विसावे यांच्यात वाटलेले आहेत.

घोड्यांच्या उत्तरेकडच्या प्रवासाचेही मुक्काम ठरलेले आहेत आणि वाटेवरची घरे त्यांची वाट पाहतात. अंकलीहून मिरजेच्या बाजूने आलेली ही छोटी मंडळी सांगलीत कृष्णा ओलांडून सांगलवाडीला जाते. सांगली आणि सांगलवाडी यांना जोडणारा जुना आयर्विन पूल १९२९चा. त्याच्या खांबांवर महापुराची पातळी मोजतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अख्ख्या सांगलीचे डोळे त्या आकड्यावर असतात. घोडे जातात तेव्हा ज्येष्ठ असतो. नदी तळाशी, घाटाच्या पायऱ्या उघड्या. पुढे वाळवा तालुक्यातून पेठ नाक्याकडे जाताना दोन्ही अंगाला ऊस. मृग बरसला असेल तर भुईमूग आणि सोयाबीनच्या पेरणीची घाई, हळदीच्या सऱ्या नुकत्या लागलेल्या. पेठ नाक्याला महामार्ग लागतो आणि तिथून कऱ्हाडपर्यंत कृष्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन साथ देते.

कऱ्हाडनंतर डोंगर जवळ येतात. कोयना आणि कृष्णा यांचा प्रीतिसंगम मागे पडला की डाव्या हाताला सह्याद्रीचे फाटे, उजव्या हाताला दुष्काळी पट्ट्याकडे जाणारे बोडके माळ. उंब्रज, नागठाणे, सातारा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वळसा. मग भुईंज, पुन्हा कृष्णा, पुढे खंबाटकी आणि शिरवळ. शिरवळनंतर नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा संपला. घोड्यांची ही वाट म्हणजे बहुतेक कृष्णेचे खोरे उलट्या दिशेने चढत जाणे आहे. सांगलीची कृष्णा रुंद आणि मातकट, भुईंजजवळची तीच नदी बारीक. गाडीतून दोन-अडीच तासांत हा पट्टा संपतो, त्यामुळे नदीचे हे बारीक होत जाणे कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा दिवस चालणाऱ्याला ते दिसते.

वाटेतल्या गावांना घोड्यांचा दिवस ठाऊक असतो. दारात आले की बायका पायांवर पाणी घालतात, हळद-कुंकू लावतात, गूळ आणि हरभऱ्याची डाळ हातावर धरतात. ज्यांना कधी वारीला जाणे जमले नाही, त्यांच्यासाठी वारी अशी दारात येऊन जाते. दोन घोड्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते. ती पाठ माउलींची, अशी श्रद्धा. म्हणून तीनशे किलोमीटरच्या वाटेत त्या घोड्यावर कुणी बसत नाही.

आठवड्यानंतरचा दुसरा प्रवास नीरेवरच सुरू होतो, फक्त जागा वेगळी. घोड्यांनी शिरवळजवळ जी नदी ओलांडली, तीच पुढे पूर्वेला वाहत जाऊन नीरा गावाजवळ पालखीला आडवी येते. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा, पलीकडचा साताऱ्याचा. वाल्ह्याचा मुक्काम हलवून पालखी इथे येते, आणि पूल ओलांडल्यावर रथ थांबतो. पादुका दत्त घाटावर नेतात आणि नदीत त्यांना स्नान घालतात. लाखाच्या गर्दीतली ही जागा अगदी चिंचोळी आहे. पायऱ्यांवर पाय ठेवायला ठाव नसतो, टाळ थांबलेले असतात, आणि पादुका पाण्याला टेकल्या की एकदम जयघोष उठतो. मागच्या माणसाला काहीच दिसलेले नसते. तो आवाजावरून हात जोडतो.

पुढे पाडेगावला जिल्ह्याच्या वतीने स्वागत होते आणि पालखी लोणंदला येते. तिथीच्या वाढ-क्षयाप्रमाणे लोणंदचा मुक्काम कधी एक दिवसाचा, कधी दोन किंवा अडीच दिवसांचा. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव त्या दिवसांत वारीचे घर होते. पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी हे चढणीचे टप्पे मागे पडलेले असतात. पावले सुजलेली, कपडे मळलेले, चपलांचे अंगठे तुटलेले. लोणंदला सगळी दुरुस्ती होते. चांभार रस्त्याकडेला बसून चपला शिवतात, नाभिक फुकट दाढी करतात, तरुण पोरे म्हाताऱ्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळतात. राहुट्यांच्या दोरांवर, ट्रकच्या फाळक्यावर, बाभळीवर, कुंपणाच्या तारेवर, जिथे जागा मिळेल तिथे धोतरे आणि नऊवारी वाळत पडतात. मोबाइल चार्ज करायच्या पाट्यांभोवती वायरींचा गुंता. पाण्याच्या टँकरपुढे रांग. फिरती शौचालये गेल्या दशकात आली, आणि बायकांच्या वारीत त्यांनी जेवढा फरक केला तेवढा दुसऱ्या कुठल्याही सुधारणेने केलेला नाही. त्याआधी अंधार पडायची किंवा पहाटेची वाट पाहावी लागे, हे कितीतरी जणींनी वर्षानुवर्षे निमूट सोसले.

दिंडी हे खरे तर चाकांवरचे घर आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि बिछाना, ओटा, न्हाणीघर असलेल्या गाड्या राज्यात फिराव्यात अशी त्यात सोय केली. सातारा-सांगलीच्या रस्त्यांना ही कल्पना नवी नाही. दिंडीच्या ट्रकमध्ये अख्खा संसार असतो. तळाला तंबूचे कापड आणि बांबू, त्यावर धान्याची पोती, तेलाचे डबे, शेगड्या, सिलिंडर, माणूस बसेल एवढी पातेली, आणि वरच्या थरात दिंडीतल्या प्रत्येकाची वळकटी, तिला नाव लिहिलेली चिंधी बांधलेली. ट्रक वारीच्या गर्दीतून जात नाही. तळ हलला की आचारी, वाढपी आणि तंबूवाले त्यात बसून पुढच्या ठिकाणी जातात. चालणारा माणूस दुपारच्या जागी पोचतो तोवर चूल पेटलेली असते.

या घराचा खर्च भिशीतून चालतो. प्रत्येक जण ठरलेली रक्कम भरतो, आणि तीत अठरा दिवसांचे जेवण, निवारा आणि सामानाची वाहतूक येते. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून घेत नाहीत, तो कामाने भरपाई करतो. वाटेवर लोक शिधा देतात, कुणी एका वेळेची पंगत आपल्या अंगावर घेतो. २०२४पासून सरकारही दिंडीमागे वीस हजार रुपये देऊ लागले आहे. पण दोनशे-तीनशे माणसांचा अठरा दिवसांचा संसार त्यावर चालत नाही. तो चालतो दिंडीचालकाच्या वहीवर. कोण आजारी, कोणाला बिनतिखट हवे, कोणाची वळकटी हरवली, कोण आज मागे राहिले, सगळे त्या वहीत.

दिंडीत माणसे गावाच्या नावाने ओळखली जातात. तासगावचे अण्णा, कोरेगावची आक्का, इस्लामपूरचे तात्या. वीस-वीस वर्षे शेजारी चालणाऱ्या दोघांना एकमेकांचे आडनाव माहीत नसते, पण गुडघा कोणता दुखतो ते माहीत असते. वर्षभर भेट नाही, क्वचित फोन. आळंदीला दिंडीच्या जागेवर एकमेकांना पाहिले की आधी दोघेही वाकतात, दोघेही ‘माउली’ म्हणतात, आणि मग गेल्या आषाढात तुटलेली गोष्ट तिथूनच पुढे सुरू होते. एखाद्या वर्षी शेजारची जागा रिकामी दिसते. कुणी विचारत नाही. नव्याला त्या जागेवर लगेच उभेही करत नाहीत. पहिला दिवस ती जागा तशीच सोडतात. मैत्रीला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण या नात्याला वारकरी ‘सोबत’ म्हणतो, आणि तो शब्द जास्त नेमका आहे.

लोणंदहून पालखी दुपारी निघते. पुढचा मुक्काम तरडगाव, अंतर दहा किलोमीटरच्या आत. सगळ्या वाटचालीतल्या छोट्या टप्प्यांपैकी हा एक, आणि त्याच्या वाटेत चांदोबाचा लिंब आहे. लिंब म्हणजे कडुनिंब. तरडगावच्या अलीकडे या जागी माउलींच्या वाटचालीतले पहिले उभे रिंगण होते. पुढची गोल रिंगणे मोठ्या मैदानावर होतात, तिथे पाहायला जागा असते. उभे रिंगण रस्त्यावरच होते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सरकतात, मधे घोडा जाईल एवढी पट्टी मोकळी राहते. चोपदार ती मोकळी करतात. हातात चांदीची काठी, आवाज चढवायची गरज नाही, नुसता हात आडवा केला की पाच-पाच हजार माणसे मागे सरतात.

मग घोडे सुटतात. आधी स्वाराचा, त्याच्या मागे मोकळ्या पाठीचा. पुढून रथापर्यंत आणि रथापासून परत, हे सारे काही मिनिटांत आटोपते. ज्याने मान वळवली त्याच्या हातून ते निसटले. डांबरावर टापांचा कोरडा आवाज, टाळांच्या वर चढलेला, आणि घोडा गेला की कडा मोडतात. माणसे गुडघ्यांवर बसून टापांखालची माती चिमटीने उचलतात आणि कपाळाला लावतात, उरलेली पदराच्या टोकाला किंवा टोपीत बांधतात. डांबरावर माती कितीशी असणार. काहींच्या चिमटीत नुसती धूळ येते, तीही तितक्याच जपून बांधली जाते. हेच घोडे वीसेक दिवसांपूर्वी सांगलवाडीच्या गल्लीतून संथ चालत गेले होते, तेव्हा त्यांच्या पायांवर पाणी घालणाऱ्या काही जणी आज या गर्दीत असतात.

संध्याकाळी तळावर समाज आरती होते. वारीतले सर्वांत मोठे आश्चर्य हेच मानले पाहिजे. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार काठी उंच धरतो आणि एका क्षणात सगळे शांत. लाखाची शांतता. या वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ वाजवणे थांबवत नाही. पाणी मिळाले नाही, जागा दुसऱ्याने घेतली, चाल मोडली, काहीही असो. चोपदार त्या टाळांच्या दिशेने जातो, ऐकून घेतो, तिथल्या तिथे निकाल लावतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. चष्मा, पिशवी, काठी, क्वचित एखादी म्हातारी. उद्याच्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. पोलीस, ध्वनिवर्धक, नियंत्रण कक्ष हे सगळे नंतर आले, आणि त्यांची गरज आहेच. पण तक्रार करणाऱ्याने टाळ वाजवत राहायचे आणि बाकीच्यांनी गप्प राहून ते ऐकायचे, ही रीत ज्याने काढली त्याला माणसांचा कळप आणि माणसांचा समाज यांतला भेद पुरेपूर कळला होता.

तरडगाव ते फलटण हा वीस-एकवीस किलोमीटरचा पट्टा. इथला मुलूख दिसतो हिरवा, पण हे हिरवेपण पावसाचे नाही. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला फलटणला पाचशेच्या आसपास. डोंगरावरचा पाऊस नीरेतून आणि वीर धरणाच्या उजव्या कालव्यातून इथे येतो. कालवा जिथवर पोचतो तिथवर ऊस, केळी, डाळिंब. कालव्याच्या वरच्या अंगाला बाजरीची पेरणी आणि मेंढ्यांची खांडे. चालणाऱ्याला ही रेघ स्पष्ट दिसते, कारण एका बाजूने गार वारा येतो आणि दुसऱ्या बाजूने धूळ. वाटेवरच्या गप्पाही तिथून बदलतात. पेरा झाला का, पाणी किती, बोअर किती फुटांवर लागले, हेच विषय. वारकरी बहुतेक शेतकरी असतो. पेरणी आटोपून खुरपणी सुरू व्हायच्या आतला मोकळा काळ वारीला मिळतो. पाऊस लांबला तर त्याच्या चालण्यात काळजी असते, आणि रात्री कीर्तनातही त्याचे कान तंबूच्या कापडावर थेंब वाजतो का तिकडे असतात.

फलटण हे नाईक-निंबाळकरांचे जुने संस्थान, शिवरायांच्या राणीसाहेब सईबाई यांचे माहेर. पालखीचा तळ विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर पडतो. गावोगावच्या दिंड्यांच्या राहुट्या तिथे रांगेने उभ्या राहतात, आणि हरवू नये म्हणून प्रत्येक दिंडी बांबूला काहीतरी खूण बांधते. कुठे रंगीत कापड, कुठे दिवा, कुठे उलटी टांगलेली बादली. रात्री उशिरा परतणारा वारकरी त्या बादलीकडे पाहत घर शोधतो. फलटणकर आपल्या घरी पाहुणे घेऊन जातात. ओळख नसते, आमंत्रण नसते. ‘माउली, आंघोळीला चला’ एवढे म्हणायचे. गरम पाणी, पिठले-भाकरी, ओसरीवर पाठ टेकायला जागा. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात याच वारीतली जातींची वेगळी जेवणे आणि वेगळ्या पंगती पाहून मनाला झालेला क्लेश नोंदवला आहे. तो लेख सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचा. आता पंगती पुष्कळ मिसळल्या आहेत, पण दिंड्या अजून बव्हंशी गावाच्या आणि म्हणून काही अंशी जातीच्या आहेत. वारीवर प्रेम असणाऱ्याने ही गोष्ट झाकू नये. चालताना भेद गळतो हे खरे, आणि जेवायला बसताना तो काही ठिकाणी परत येतो, हेही खरे.

हा रस्ता आता चौपदरी आहे. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, राष्ट्रीय महामार्ग ९६५ म्हणून. चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट ठेवण्याची त्यात तरतूद आहे. रुंदीमुळे चेंगराचेंगरीची भीती कमी झाली, रुग्णवाहिकेला वाट मिळाली, चिखल गेला. त्याच रुंदीत कडेचे जुने वड आणि लिंब गेले. विसावे अमुक एका झाडाखाली असत, कारण तिथे सावली होती. आज विसाव्याची जागा आहे, नाव आहे, सावलीसाठी मांडव घालावा लागतो. नवी रोपे लावली आहेत. त्यांच्याखाली दिंडी बसायला वीस-पंचवीस वर्षे जातील, आणि ती वर्षे रोपांना पाणी घालणाऱ्या गावांच्या हाती आहेत.

हा रस्ता दोन वर्षे रिकामाही राहिला. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका आळंदीतच राहिल्या आणि ३० जून २०२० रोजी, आषाढ शुद्ध दशमीला, फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्येही बसनेच. अठरा दिवसांची वाट काही तासांत संपली. लोणंद, तरडगाव, फलटण, बरडच्या लोकांनी त्या दोन्ही वर्षी ठरलेल्या दिवशी दारात रांगोळ्या काढल्या, तळाच्या जागी जाऊन नमस्कार केला आणि घरात आले. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली.

फलटणनंतरचा मुक्काम बरड. अंतर अठराच्या आसपास, वाटेत विडणी आणि पिंपरद. इथे कालव्याचा मुलूख विरळ होतो आणि दक्षिणेला शंभू महादेवाच्या डोंगररांगा दिसू लागतात, त्यांतच शिखर शिंगणापूर. वारकऱ्यांतले कितीतरी जण चैत्रात त्या डोंगरावर कावड घेऊन गेलेले असतात. शैव-वैष्णव हा वाद पुस्तकात राहतो, वाटेवरचा माणूस डोंगराकडे तोंड करून हात जोडतो आणि टाळ तसाच चालू ठेवतो. बरडचा तळ हा सातारा जिल्ह्यातला शेवटचा. दुसऱ्या दिवशी राजुरी, साधुबुवाचा ओढा, आणि पुढे धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. तिथे साताऱ्याची मंडळी निरोप देतात, सोलापूरची स्वागत करतात, आणि रथ नातेपुत्याकडे निघतो.

पण पालखीचा या जिल्ह्याशी संबंध तिथे संपत नाही. पंढरपुरात आषाढी पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पादुका परत निघतात, त्याच वाटेने. लाखो माणसे एसटीने, रेल्वेने, टेम्पोने आपापल्या गावी गेलेली असतात. खुरपणी थांबत नाही. रथाबरोबर थोडेच लोक उरतात आणि चाल बदलते. येताना जिथे दोन मुक्काम होते तिथे आता एकच होतो. नातेपुते सोडले की थेट फलटण, फलटणहून पाडेगाव. ज्या तरडगावला येताना अख्खा दिवस दिला होता, तिथे आता थोडा विसावा. चांदोबाच्या लिंबाजवळ गर्दी नाही, मांडव नाही. पावसाने धरलेल्या रस्त्याने टाळांचा आवाज जवळ येतो, लांब जातो. शेतातल्या बायका खुरपे खाली ठेवून बांधावर येतात, हात धुतात, पादुकांवर डोके टेकवतात आणि पुन्हा सरीत उतरतात. दुसऱ्या दिवशी पालखी पाडेगावहून नीरेचा पूल ओलांडते आणि पुणे जिल्ह्यात जाते.